आर्ब्रोथ ३६-०: प्रश्नमंजूषेत हा प्रश्न कसा विचारायचा?

जुनीमिल_सोलापूर
शालेय क्रीडा प्रश्नमंजूषेच्या कच्च्या यादीत प्रश्न आहे: "फुटबॉलमधला सर्वांत मोठा विजय कोणता?" उत्तर लिहिलंय आर्ब्रोथ ३६, बॉन अकॉर्ड ० (स्कॉटलंडमधला १८८५ चा सामना). एका परीक्षकांनी १४९-० चा निकाल दाखवून हरकत घेतली. बरोबर कोण? आणि ९० मिनिटांत ३६ गोल बसतात कसे, हे मुलं विचारणारच. आर्ब्रोथ क्लब अजून खेळतो का, तेही सांगा.

सातरस्ता
दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्नच ढिला आहे. १४९-० हा मादागास्करमधला, ३१ ऑक्टोबर २००२ चा सामना. तिथे हरलेल्या संघानं पंचगिरीच्या निषेधार्थ मुद्दाम स्वतःच्याच गोलात चेंडू मारले, जिंकलेल्या ए. एस. अदेमाला पाय हलवायचीही गरज पडली नाही. आर्ब्रोथचे ३६ गोल मात्र समोरचा संघ अडवत असताना झालेत. म्हणून "सर्वांत मोठा" हा शब्दच काढून टाका.

नुसती तारीखही पुरणार नाही. आर्ब्रोथचा सामना १२ सप्टेंबर १८८५ चा, आणि त्याच दिवशी, त्याच स्कॉटिश कपच्या पहिल्या फेरीत डंडी हार्पनं अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. बॉन अकॉर्डही अ‍ॅबर्डीनचाच संघ, त्यामुळे उत्तरांची हमखास अदलाबदल होते. दोन्ही संघांची नावं प्रश्नातच द्या आणि फक्त गोलसंख्या विचारा. अवघड फेरीसाठी: आर्ब्रोथच्या सामन्यात त्यांच्या एकट्या जॉन पेट्रीनं किती गोल केले? उत्तर १३.

कन्नाचौक१८
गणित सोपं आहे. मध्यंतराला १५-०, उत्तरार्धात २१. म्हणजे सरासरी अडीच मिनिटांना एक गोल, आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू मधोमध नेऊन पुन्हा सुरुवात. त्यातही वेळ जायचा, कारण गोलला जाळी नव्हती. जाळी आली १८९१ मध्ये. तोवर चेंडू थेट मागे पळायचा, तो आणेपर्यंत खेळ थांबलेला. शिवाय चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, यावरून वाद. पंचांनी त्या दिवशी काही गोल नाकारलेसुद्धा.

ऑफसाइड (फार पुढे उभ्या खेळाडूला पास घेऊ न देणारा नियम) तेव्हा सैल होती म्हणून एवढे गोल झाले, असं कुणी म्हणालं तर ते उलटं आहे. तेव्हा पास घेणाऱ्याच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागायचे. दोनचा नियम १९२५ चा. खरं कारण म्हणजे दोन संघांच्या ताकदीतली दरी. स्कॉटिश लीग सुरू झाली १८९० ला. त्याआधी संघांची प्रतवारी नव्हती, कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या विभागवार सोडतीनं ठरायच्या, आणि मुरलेल्या संघासमोर कच्चा संघ सहज यायचा. बॉन अकॉर्डचा गोलरक्षकही मुळातला गोलरक्षक नव्हता.

बॉन अकॉर्ड हा खरं तर क्रिकेट क्लब, त्याला चुकून बोलावणं गेलं, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ऐकायला छान आहे, पण प्रश्नात घालू नका, हरकत येईल.

सातरस्ता
आता क्लबबद्दल. खेळतो तर! स्थापना १८७८, म्हणजे आपली जुनी गिरणी १८७७ ची, तिच्यानंतर एकाच वर्षानं. तेही कापडाचंच गाव, फक्त तिथे जहाजांच्या शिडांचं कापड विणलं जायचं. टोपणनाव 'रेड लिख्तीज': स्कॉट बोलीत दिव्याला लिख्त म्हणतात, आणि मासेमारी नौकांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून ते पडलं.

१८८० पासून मैदान गेफील्ड, उत्तर समुद्राला अगदी खेटून. भरती आणि पूर्वेचा वारा एकत्र आले की लाटांचं पाणी भिंतीवरून आत उडतं. अशा वेळी उंच चेंडू मारणं म्हणजे तो परत आपल्याच अंगावर घेणं. वाऱ्याविरुद्ध खेळताना चेंडू जमिनीलगत आणि जवळच्याला द्यायचा. नाणेफेकीत बाजू निवडण्याला इथे खरी किंमत आहे.

जुनं मैदान अरुंदही होतं. १८८४-८५ च्या कपमध्ये आर्ब्रोथनं रेंजर्सला ४-३ हरवलं, पण रेंजर्सनं मैदानाच्या रुंदीवरून तक्रार केली. सामना पुन्हा झाला आणि रेंजर्स ८-१ नं जिंकले. १९२५ मध्ये मैदान थोडं सरकवून मोठं केलं.

माझ्या मते ३६-० पेक्षा मोठी कामगिरी २०२१-२२ ची. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव असे अर्धवेळ खेळाडू, प्रशिक्षक डिक कॅम्पबेल, आणि दुसऱ्या पायरीच्या चँपियनशिपमध्ये ते दुसरे आले. पहिल्या किलमार्नॉकचे ६७ गुण, यांचे ६५. वरच्या पायरीवर जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत इन्व्हरनेसकडून पेनल्टींवर हरले, नाहीतर पुढची लढत सर्वांत वरच्या प्रीमियरशिपमधल्या अकराव्या संघाशी होती. २०२४ ला खाली घसरले, २०२५ ला तिसऱ्या पायरीची लीग वन जिंकून परत वर आले.

जुनीमिल_सोलापूर
आभार. प्रश्न असा बदलतोय: "१८८५ च्या स्कॉटिश कपमध्ये आर्ब्रोथनं बॉन अकॉर्डला किती गोलनी हरवलं?" चालेल का?

कन्नाचौक१८
चालेल की. फक्त '१८८५-८६ च्या' करा. हंगाम शरदात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो, आणि १८८५ चा अंतिम सामना आधीच्या हंगामाचा आहे.