केमिस्ट्रीतूनही ग्रहांपर्यंत जाता येतं

ताई, तुमची साताऱ्याची भाची बी.एस्सी. केमिस्ट्री करतेय आणि तिला ग्रहांचा अभ्यास करायचाय, त्यावर वर दोघांनी 'मग फिजिक्सच घ्यायला हवं होतं' असं लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी वर्षं, हे क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये उल्कापाषाणांतल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून दाखवलं. ते शिक्षणानं केमिस्टच! चांद्रयान-3 च्या रोव्हरवर चंद्राच्या मातीतली मूलद्रव्यं मोजणारं एपीएक्सएस हे उपकरण अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेनं बनवलं.

आणि ती राहते कुठे? अजिंक्यताऱ्यापासून कासपर्यंत मूळ खडक सगळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, मंगळावरही तो भरपूर. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला. ते काम पाहणारी प्रयोगशाळा कराडलाच आहे.

एम.एस्सी.च्या अटी मात्र आत्ताच बघा, काही ठिकाणी पदवीला भूशास्त्र लागतं. पुढे पीएच.डी.ला बरीच वर्षं जातात, हे घरच्यांनी धरूनच चालावं.