टर्बो ३५० ऑटोमॅटिक: गिअर धाडकन पडतो, पांढरा धूर. गिअरबॉक्स उतरवू का?

दांडियाबाजारकर, बडोदा:
मंडळी, घरी १९७२ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरबॉक्सची. हल्ली दुसरा-तिसरा गिअर फार उशिरा पडतो, आणि पडतो तो धाडकन. वळणावर इंजिन नुसतंच घोंघावतं, गाडी ओढत नाही. सिग्नलला उभं राहिलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर. मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि "गिअरबॉक्स गयो" म्हणून मोकळा झाला. धुरासाठी हेड गॅस्केट (इंजिनात पाणी शिरू न देणारं पॅकिंग) गेलंय म्हणाला, ते वेगळंच. गिअरबॉक्सचं ऑइल सारखं घालावं लागतं, पण फरशीवर थेंब नाही. उतरवायचा का?

ग्वाल्हेरी गॅरेज:
रिव्हर्स कसा पडतो? यात तिसरा आणि रिव्हर्स दोन्हींना डायरेक्ट क्लच (गिअरबॉक्सच्या आतला प्लेटांचा एक संच) लागतो. दोन्ही घसरत असतील तर त्या प्लेटा गेल्या समजा. नुसता दुसराच घसरत असेल तर इंटरमीजिएट क्लच बघा.

जुनं लोखंड, बडोदा:
दादा, एवढ्यात उतरवू नका. ऑइल खाली गळत नाही, मग जातं कुठं? इंजिनात! गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला मागे पत्र्याची एक डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डकडून व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनच्या ओढीची, एक नळी तिला येते. आतला रबरी डायफ्राम फाटला की इंजिन त्या नळीतून एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं लाल ऑइल, ओढतं आणि जाळतं. आयडलिंगला व्हॅक्यूम जास्त, म्हणून धूर सिग्नललाच. व्हॅक्यूम गळाला की गिअरबॉक्सला वाटतं, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरलाय. तो ऑइलचा दाब वाढवतो, गिअर उशिरा आणि आपटून पडतो. आणि ऑइल उतरलं की वळणावर पंप हवा ओढतो.

इंजिन बंद करून मॉड्युलेटरकडची नळी उपसा. आत लाल ऑइल दिसलं तर चोर सापडला.

गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) मात्र अँबेसेडरसारखी इंजिन बंद करून बघू नका. गाडी सपाट जागी, तेल गरम, पार्कमध्ये, इंजिन चालू. ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. तपकिरी आणि जळका असेल तर गोष्ट वेगळी. (आणि कुणी त्यात ईपी-९०, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचं जाड ऑइल, तर ओतलं नाही ना? आपल्याकडे काहीही होतं.)

दांडियाबाजारकर:
काका, नळी ओढली तर लाल ऑइल हातावरच आलं! डिपस्टिकवरही लाल, वास नाही. रिव्हर्स बरोबर पडतो.

ग्वाल्हेरी गॅरेज:
मग मी प्लेटांचं म्हणणं मागे ठेवतो. तरी पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात) उघडून बघाच. तळाशी पातळ राखाडी लेप चालतो. काळा कचरा किंवा पितळी चुरा निघाला तर उतरवणं टळत नाही.

जुनं लोखंड:
बरोबर. पॅन उघडलाच तर फिल्टर आणि गॅस्केटही नवं टाका. मॉड्युलेटर अमेरिकेतून मागवावा लागेल, पण गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे तो किरकोळ. एका बोल्टवर क्लॅम्प असतो, काम गाडीखाली पडूनच होतं. सोबत ओ-रिंग आणि नळीही नवी घ्या, जुनी नळी ऑइलनं फुगलेली असणार. पार्ट येईपर्यंत गाडी हालोल रस्त्याला काढू नका, कमी ऑइलवर चांगल्या प्लेटा जळतात. आणि रेडिएटरचं पाणी उतरत नसेल, तर हेड गॅस्केटला त्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.