घोस्ट केलं, सीनवर ठेवलं, आणि सेल्फी काढला की काढली?

घंटाळीकर:
ऐरोलीहून ठाण्याला येताना ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये समोर कॉलेजच्या दोघी बसल्या होत्या, एक सांगत होती, "अगं कालपासून सीनवर ठेवलंय मला, घोस्टच केलंय त्याने." सीनवर ठेवणं कळलं, मेसेज वाचला पण उत्तर नाही. पण घोस्ट करणं म्हणजे तेच का अजून काही? आणि डूमस्क्रोलिंग, ब्रेन रॉट हे शब्द आता पेपरातही दिसतात, दोन्ही एकच का? कुणीतरी नीट सांगा ना.

कळवा नाका:
नाही, वेगळं आहे दादा. सीनवर ठेवणं एका मेसेजपुरतं, संध्याकाळी रिप्लाय येऊही शकतो. घोस्ट केलं म्हणजे काही न सांगता माणूस गायबच, ना फोन ना मेसेज. आणि हे फक्त प्रेमाबिमातलं नाहीये, इकडे आयटी कंपन्यांत एचआरवाले पण म्हणतात कँडिडेटने घोस्ट केलं, म्हणजे ऑफर लेटर घेतलं आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद.
डूमस्क्रोलिंग म्हणजे वाईट बातम्या एकामागून एक वर सरकवत बघत बसणं, थांबवतच नाही आपल्याला, २०२० मध्ये कोविडच्या वेळी हा शब्द सगळीकडे झाला. ब्रेन रॉट म्हणजे फालतू व्हिडिओ बघून बघून डोक्याची जी माती होते ती, आणि त्या व्हिडिओंनाही तेच म्हणतात. ऑक्सफर्डने २०२४ चा शब्द म्हणून हाच निवडला होता. पण शब्द नवा नाही हां, अमेरिकेतल्या थोरो या लेखकाने १८५४ मध्येच वापरलाय, तेव्हा इंटरनेट सोडा, टेलिफोनही नव्हता.

वाशीची मावशी:
छान सांगितलंस रे. इंग्रजी असंच करते, जुना शब्द काढते नि नव्या कामाला लावते, नाहीतर दोन शब्द कापून जोडते. पॉडकास्ट म्हणजे आयपॉडमधलं पॉड आणि ब्रॉडकास्टमधलं कास्ट, २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने लिहिला. आयपॉड गेला, शब्द राहिला. सेल्फी ऑस्ट्रेलियातून आलाय, २००२ चा वापर सापडतो, शब्द तोडून शेवटी ई लावायची सवय त्यांची. आणि इमोजीचा इमोशनशी काही संबंध नाही, तो जपानी शब्द आहे, ए म्हणजे चित्र आणि मोजी म्हणजे अक्षर. इमोशनवरून आलाय तो इमोटिकॉन.
पण मला खरं बोलायचंय ते आपल्याकडे आल्यावर या शब्दांचं काय होतं त्याबद्दल. आधी लिंग मिळतं. पोस्ट टाकली, लिंक पाठवली, ॲप टाकलं, ब्लॉग लिहिला, यावर कुणाचं भांडण नाही आणि कुणी शिकवलंही नाही. सेल्फीवर मात्र अजून ओढाताण आहे, शेवटी ई आहे म्हणून काढली आणि मनात फोटो असतो म्हणून काढला, मी काढलीच म्हणते. मेल तर आला, आली, आलं तिन्ही ऐकलंय, एकाच घरात.
आता सामान्यरूप बघा. बँकेत, टेबलावर, पेपरात, हे शब्द आपण वाकवले म्हणून ते आपले झाले. लिंकवर, ॲपमध्ये, रीलमध्ये, हे अजून ताठ उभे आहेत. कुणी लिंकेवर म्हटलं तर हसतात, पण हसायचं कशाला, बँकेत म्हणताना हसतो का? माझी आई ग्रुपात टाक म्हणते आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. प्रतिशब्द शोधायच्या कमिट्या खूप झाल्या, माझ्या मते शब्द घ्या पण मराठीच्या नियमाने चालवा.

घंटाळीकर:
ग्रुपात मान्य मावशी, पण रिलेत म्हटलं तर रिले रेस वाटेल ना! आणि अनेकवचन? मीम्स का मीमं?

वाशीची मावशी:
मीमं. एक मीम, दोन मीमं, जसं पान, पानं. स लावायची गरजच नाही. हा शब्द तसा १९७६ चा, रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने केलेला, माणसामाणसांत नकलेने पसरणाऱ्या कल्पनेसाठी, चित्रांना नंतर लागला. रिलेचं तू म्हणतोस ते खरंय, तिथे रीलमध्येच ठेव.

कळवा नाका:
फिशिंगचं पण सांगून ठेवतो, म्हणजे खोट्या मेसेजने फसवून ओटीपी, पासवर्ड काढून घेणं, सोसायटीत परत परत विचारतात. इंग्रजीत मासेमारीसारखाच उच्चार, फक्त स्पेलिंग एफऐवजी पीएचने, पूर्वी फोनच्या लाइनी हॅक करणारे त्या कामाला फ्रीकिंग म्हणायचे आणि त्याला पीएच लावायचे त्यावरून. देवनागरीत दोन्हीला फच, त्यामुळे ती खूण आपल्याकडे दिसतच नाही आणि ज्येष्ठांना वाटतं काहीतरी माशांचं आहे. मी नोटीस बोर्डावर लिहिलं, "वीज तोडू असा मेसेज आणि खाली लिंक, तो गळ आहे, लिंक दाबू नका, ओटीपी कुणालाही देऊ नका." तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, हां, आता कळलं.