‘क्लोज एअर सपोर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

आर्वीहून, शिक्षिका
विजय दिनासाठी मुलं राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या १९७१ च्या लढाईवर भित्तिपत्रक करत आहेत. जिथं तिथं ‘हवाई हल्ला’ लिहिलेलं सापडतं. पण तिथं विमानं आपल्याच वेढलेल्या जवानांसाठी धावली होती, ते या शब्दात येत नाही. ‘निकट हवाई साहाय्य’ वाचून मुलं विचारतात, विमान जवळ येतं म्हणून निकट का?

पुलगावहून, निवृत्त तोफची
पोरायनं बरोबर जागी बोट ठेवलं, बाई. ‘निकट’ विमानाचं नाही. शत्रू आपल्या माणसायच्या इतका जवळ राह्यते, की विमानानं जमिनीवरल्यांशी ताळमेळ ठेवल्याशिवाय मारा केला तर आपलेच जातील.

लोंगेवालाच घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाब पलटणीच्या कंपनीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करायची सोय नव्हती. ती रात्र पायदळानंच काढली. ५ तारखेला उजाडलं तशी हंटर आली, अन् ‘कृषक’ नावाचं छोटं एअर ओपी विमान त्यांना रणगाडे दाखवत फिरत होतं. हे नाव भित्तिपत्रकातून सुटू देऊ नका.

एअर ओपी म्हणजे तोफखान्याचं उडतं मचाण. जागलीवरचा माणूस मचाणावरून डुकरं कुठून शिरली ते सांगते, तसं. ते विमान तोफखान्याचेच अधिकारी चालवत. त्यातूनच १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोर, म्हणजे लष्कराची हवाई शाखा, उभी झाली.

माझ्या मते ‘हवाई कुमक’ लिहा.

दर्यापूरहून
काका, ‘कुमक’ला माझी हरकत आहे. शब्द तुर्की, फारसीतून आलेला, मूळ अर्थ मदत. पण मराठीत किल्ल्याला कुमक पोचली म्हणजे माणसं आली आणि लढायला थांबली. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानांनी १ शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले, ती खरी हवाई कुमक. त्यानंतर ७ नोव्हेंबरला श्रीनगरजवळच्या शालटेंगच्या लढाईत विमानांनी वरून मारा केला, ते काम वेगळं. दोन्हींना एकच शब्द दिला तर मराठी वाचकाला फरक कळायचाच नाही.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर विमानं आधीच हवेत घिरट्या घालत राहायची आणि जमिनीवरच्या अधिकाऱ्याचा रेडिओवर निरोप आला की तुटून पडायची. या पद्धतीला ‘कॅब रँक’ म्हणत, म्हणजे भाड्याच्या गाड्यांचा थांबा. बोलावणं खालून आणि मारा वरून, हा त्यातला गाभा. म्हणून मी ‘पायदळाला हवाई साथ’ म्हणेन. साथ देणारा दुसऱ्याच्या तालावर चालतो.

पुलगावहून, निवृत्त तोफची
पटलं भाऊ. कुमक मागं घेतो.

आर्वीहून, शिक्षिका
‘हवाई साथ’ मुलांनाही आवडलं. मग कारगिललाही हेच लिहायचं का?

पुलगावहून, निवृत्त तोफची
सरसकट नको. वायुसेना २६ मे १९९९ ला उतरली, तिनं दोन्ही कामं केली. शिखरावर चढणाऱ्या पलटणींसाठी मारा केला, तिथं ‘साथ’. पण १७ जूनला मुंथो ढालोचा पाकिस्तानी रसदतळ मिराज विमानांनी उडवला, तिथं आपलं पायदळ भिडलेलं नव्हतं. त्या चित्राखाली ‘हवाई हल्ला’च लिहा, बाई.