रिखार्डिसला अडवणं हिल्डेगार्डला शोभलं का?

सांजवेळ:
बाराव्या शतकातली जर्मन जोगीण आणि मठप्रमुख, बिंगेनची हिल्डेगार्ड, हिचं कौतुक सगळेच करतात, तिची शिष्या रिखार्डिस फॉन श्टाडे मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. उत्तर जर्मनीतल्या बड्या सरदार घराण्यातली मुलगी. 'स्कीवियास' हा आपल्या दिव्य दर्शनांचा ग्रंथ लिहिताना हिल्डेगार्डला तिची मोठी साथ होती. ११५१ मध्ये बासुमच्या मठाची प्रमुख म्हणून तिची निवड झाली आणि हिल्डेगार्डबाईंनी आकाशपाताळ एक केलं. तिच्या आईला पत्र, भावाला पत्र, शेवटी थेट पोपला! हिल्डेगार्डचे धर्मवरिष्ठ, माइन्झचे आर्चबिशप म्हणाले, जाऊ द्या तिला; तर त्यांनाच खरमरीत उत्तर. शिष्येचं भलं होत असताना गुरूनं असं वागावं?

तिरपागडा:
भलं कसलं? रिखार्डिसचा भाऊ हार्टविग ब्रेमेनचा आर्चबिशप, त्याच्याच मुलखात बासुम. भाचीलाही त्याच सुमारास दुसऱ्या मठाची गादी. सरळसरळ घराणेशाही. धर्मपदं पैशानं मिळवली जातात, हे हिल्डेगार्डनं तोंडावर सुनावलं, यात तिचं काय चुकलं?

खडीसाखर:
घराणेशाही एरवी कुठे खुपत होती हो तिला? रुपर्ट्सबर्गला स्वतःचा मठ काढायचा होता तेव्हा रिखार्डिसच्याच आईनं माइन्झच्या आर्चबिशपकडे रदबदली केली, ती चालली. आंडरनाखच्या मठाची प्रमुख टेंक्सविंड हिनं विचारलं, फक्त खानदानी मुलींनाच का घेता? त्यावर बाईंचं उत्तर काय, तर सगळी जनावरं एकाच गोठ्यात कोण कोंडतं! बाकी पोपनंही हात झटकले. बासुममध्ये नियम पाळले जात नसतील तर तिला परत पाठवा, एवढं म्हणून प्रकरण माइन्झकडे टोलवलं.

तिरपागडा:
आणि शेवट? ऑक्टोबर ११५२ मध्ये रिखार्डिस गेली. खुद्द हार्टविगनं कळवलं की ती तुमच्या मठासाठी रडत होती, मरण आडवं आलं नसतं तर परत आली असती. अजून काय पुरावा हवा?

सांजवेळ:
ते भावाचं पत्र आहे, तिचं नव्हे. शोकात बुडालेल्या म्हातारीला माणूस दुसरं काय लिहिणार? उलट हिल्डेगार्डनं रिखार्डिसला लिहिलेलं वाचा. आधी स्वतःला आई म्हणवते, मग तूच मला पोरकं केलंस म्हणते. एका माणसावर इतका जीव लावायला नको होता, हेही कबूल करते. पण 'तुला काय हवंय?' हा प्रश्न त्यात कुठे आहे? रिखार्डिसच्या मृत्यूनंतर हार्टविगला काय लिहिलं, तर देवाला आपली लाडकी जगाच्या हाती द्यायची नव्हती. म्हणजे ती गेल्यावरही बाईंचंच खरं!

तिरपागडा:
त्याच पत्रात, तू दिलेलं दुःख मी मनातून काढून टाकते, असंही हार्टविगला लिहिलंय. तेवढं सोयीनं गाळू नका.