मुख्य कंत्राटदाराशिवाय ५०० किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारता येईल का?

भोगावतीकाठ:
नमस्कार. राधानगरी तालुक्यातील एका लहान धरणाच्या पायथ्याशी आमची सहकारी संस्था वीजनिर्मिती करू इच्छिते. सुमारे २० मीटरचे शीर्ष (पाणी पडण्याची उंची) आणि कालव्यात सुटणारे सेकंदाला ३ घनमीटर पाणी गृहीत धरल्यास जेमतेम ५०० किलोवॅट वीज मिळेल. संपूर्ण काम एकाच कंत्राटदाराकडे सोपवण्याचे देकार आवाक्याबाहेरचे असल्याने स्थापत्य, पेनस्टॉक (टर्बाइनपर्यंत पाणी नेणारा दाबनळ), टर्बाइन-जनित्र आणि विद्युत अशी चार कामे स्वतंत्रपणे द्यावीत, असे संचालकांचे मत आहे. संस्थेकडे स्थापत्य पदविकाधारक एक पर्यवेक्षक आहे. एवढ्यावर निभावेल का?

जुना उभारणीवाला:
निभावेल, पण एका पर्यवेक्षकावर नाही. मुख्य कंत्राटदार नसला की त्याचा नफा वाचतो हे खरे, मात्र दोन ठेक्यांच्या मधली जी कामे तो कोणालाही न सांगता उरकत असतो, ती सगळी मालकाच्या दारात येतात. पॉवरहाऊसचे काँक्रीट दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात टर्बाइनसाठी खाचा मोकळ्या सोडतात आणि यंत्राची पातळी व अलाइनमेंट तपासल्यानंतरच दुसऱ्या टप्प्यात त्या भरतात. खाच कोणाच्या नकाशाप्रमाणे सोडायची, फाउंडेशन बोल्ट कोणी पुरवायचे, ग्राउट (यंत्राखालच्या फटीत भरायचे सिमेंटचे मिश्रण) कोणाच्या खर्चाने, यंत्र उतरवायला क्रेन कोणाची, हे चारही कार्यादेशांत शब्दशः लिहिलेले नसेल तर त्याचा खर्च संस्थेवरच पडेल.

म्हणून टर्बाइनची मागणी सर्वांत आधी नोंदवावी आणि उत्पादकाकडून पायावरील भार व मापे हाती आल्यावरच काँक्रीटचे नकाशे अंतिम करावेत. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते, कारण खोदाई सुरू झाली की सभासदांना काम दिसते. त्यातच त्या भागातील पावसामुळे उघड्यावरच्या कामाला ऑक्टोबर ते मे एवढाच अवधी मिळतो. स्थापत्य ठेकेदार मागे पडला आणि टर्बाइनवाल्यांची माणसे जागेवर बसून राहिली, तर त्यांच्या खोळंब्याची भरपाई ते संस्थेकडेच मागतील. जलविद्युत उभारणीचा अनुभव असलेला, कोणत्याही ठेकेदाराशी संबंध नसलेला पूर्णवेळ अभियंता नेमा. त्याचा पगार हा वाचलेल्या नफ्यातलाच खर्च समजावा.

ताळेबंद:
कागदपत्रांचे दोनच मुद्दे. मजुरांच्या भविष्य निर्वाह निधीत ठेकेदाराने कुचराई केल्यास मुख्य नियोक्ता या नात्याने संस्था जबाबदार ठरते, तेव्हा भरणा केल्याच्या पावत्या पाहिल्याशिवाय देयक काढू नये. बांधकाम खर्चावरील १ टक्का कामगार उपकराचीही तरतूद ठेवावी. उभारणीचा विमा संस्थेच्या नावाने एकच घ्यावा, त्यात सर्व ठेकेदारांची नावे असावीत आणि चाचणीचा काळही समाविष्ट असावा.

उद्यमनगरकर:
पेनस्टॉक कोल्हापुरातच तयार होऊ शकेल, त्यासाठी बाहेर जाण्याचे कारण नाही. प्लेटची चाचणी प्रमाणपत्रे मागा, वेल्डच्या जोडांची रेडिओग्राफी (किरणांनी आतील दोषांची तपासणी) करून घ्या आणि काँक्रीटमध्ये गाडण्यापूर्वी जलदाब चाचणी घ्या. २० मीटरला स्थिर दाब २ बारच्या आसपासच असतो, परंतु ग्रिड तुटून टर्बाइनच्या झडपा झपाट्याने मिटल्या की दाब उसळतो, आणि नळाची जाडी त्या दाबावर ठरवावी लागते.

चार ठेक्यांची विभागणी मला मान्य आहे, मात्र टर्बाइन, गव्हर्नर (वेगनियंत्रक), जनित्र आणि नियंत्रण पॅनेल एकाच पुरवठादाराकडे असावे. पॅनेल स्वस्तात दुसरीकडून घेतले आणि चाचणीत यंत्राचा वेग मर्यादेबाहेर गेला, तर दोष कोणाचा यावरच पावसाळा येईल.

भोगावतीकाठ:
आभारी आहे. पॅनेल आम्ही विद्युत ठेक्यात धरले होते, ते आता टर्बाइनच्या ठेक्यात घेऊ. पर्यवेक्षकाकडे मोजमाप पुस्तिका आणि साहित्याची आवक ठेवून अभियंत्यासाठी जाहिरात देण्याचा विषय पुढील सभेत मांडतो. त्या अभियंत्याला देयक अडवण्याचा अधिकार द्यावा का?

जुना उभारणीवाला:
द्यावाच, आणि तो लेखी ठरावाने द्यावा. त्याच्या सहीशिवाय देयक निघणार नाही, असे प्रत्येक कार्यादेशात नमूद करा. प्रत्येक ठेक्यातील राखीव रक्कम (देयकांतून कापून ठेवलेला हिस्सा) त्या त्या कामाच्या समाप्तीला न सोडता, यंत्र पूर्ण भारावर चालून अचानक भार काढल्याची चाचणी पार पडेपर्यंत रोखून धरावी. विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि महावितरणची जोडणी यांचा पाठपुरावा कोणत्याही ठेकेदारावर न टाकता संस्थेने स्वतःच करावा.