प्रति: ९१६ शिक्का आणि रिठ्याचं पाणी

वर कुणीतरी विचारलंय की सोन्याचा दागिना घेताना शुद्धतेच्या खात्रीसाठी त्यावरचा ९१६ चा शिक्का पुरेसा आहे का. नाही. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं, एवढंच. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतोच. सराफाकडून भिंग मागून घ्या, तो नंबर वाचा आणि 'बीआयएस केअर' या भारतीय मानक ब्युरोच्या अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासा. सराफ ओळखीचा असला तरी.

आता दागिने धुण्याबद्दल: रिठ्याचं कोमट पाणी बांगड्या-पाटल्यांना उत्तमच. पण कृपा करून बोरमाळ त्यात भिजत घालू नका! पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, गरम पाण्याने ती मऊ होते आणि मण्याला पोचा पडतो. बोरमाळ नुसती मऊ सुती कापडाने पुसायची.